रुग्णनौकेने नांगर उचलल्यानंतर

कायद्याच्या विद्यार्थ्याच्या कानांवर पहिल्या वर्षीच जी सूत्रे पडतात, त्यांत ‘मोबदल्यावाचून करार नाही’ हे एक असते. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या २५ व्या कलमाने मोबदला नसलेला करार निरर्थक ठरविला आहे, आणि त्या नियमाला जे मोजके अपवाद ठेविले आहेत, त्यांतला पहिला नजीकच्या नातलगांमधील स्वाभाविक प्रेमाचा आहे. तोही लेखी आणि नोंदलेला असेल तरच. परक्याने परक्यासाठी केवळ मायेपोटी काही करण्याचे नुसते वचन दिले, तर कायदा त्या वचनाकडे आदराने पाहील, परंतु ते पाळावयास सहसा लावणार नाही.

असे असूनही परक्यांच्या मायेवर चालणारी मोठमोठी जहाजे गेल्या साठ-पासष्ट वर्षांत समुद्रावर फिरली आहेत व आजही फिरत आहेत. त्यांवर शस्त्रवैद्य आहेत, परिचारिका आहेत, भूल देणारे आहेत, आणि त्यांतील बहुतेकांनी ह्या कामासाठी पगार घेतलेला नाही. ह्या सेवेचे कौतुक पुष्कळ झाले आहे व ते योग्यही आहे. आमच्या मनात मात्र एक प्रश्न वारंवार उभा राहतो, आणि तो वकिली पेशाचा असला तरी केवळ पेशाचा नाही. फुकट केलेल्या सेवेची जबाबदारी कोठवर पोहोचते? जहाजाने नांगर उचलला म्हणजे ती संपते काय? ह्या जहाजांचा इतिहास त्या प्रश्नाच्या अनुरोधाने पाहावा, एवढाच ह्या लेखाचा हेतू आहे.

रुग्णनौका ही मूळची युद्धाची निपज. १८९९ व १९०७ साली हेग येथे राष्ट्रांनी जे करार केले, त्यांत अशा जहाजांस संरक्षण मिळाले. सरकारी रुग्णनौका पांढऱ्या रंगवून त्यांवर सुमारे दीड मीटर रुंदीचा हिरवा आडवा पट्टा काढावा, आणि खाजगी मदत-संस्थांच्या नौकांवर तसाच पट्टा तांबडा असावा, असे १९०७ च्या करारात ठरले. म्हणजे पदराला खार लावून शुश्रूषेस येणारे लोक असू शकतात हे कायद्याने तेव्हाच ओळखले होते व त्यांच्यासाठी वेगळा रंगही राखून ठेवला होता. जखमी कोणत्या पक्षाचा आहे हे न पाहता त्यास मदत केली पाहिजे, ही अट मात्र दोन्ही रंगांस सारखीच होती. पुढे १९४९ च्या दुसऱ्या जिनीव्हा कराराने हे नियम अधिक विस्ताराने घालून दिले.

आमच्या ग्वाल्हेरच्या वाचकांस ह्या इतिहासातले एक पान घरचे वाटेल. कॅनडियन पॅसिफिक कंपनीची ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’ ही १८९१ साली बांधलेली आगबोट पहिल्या महायुद्धाच्या आरंभी महाराज माधवराव शिंदे यांच्या पुढाकाराने विकत घेण्यात आली आणि ‘लॉयल्टी’ हे नवे नाव देऊन हिंदी शिपायांसाठी रुग्णनौका म्हणून सजविण्यात आली. युद्ध संपल्यावर वालचंद हिराचंद, नरोत्तम मोरारजी आदींनी उभारलेल्या सिंदिया कंपनीने ती घेतली, आणि ५ एप्रिल १९१९ रोजी ती मुंबईहून विलायतेस निघाली. त्या प्रवासाच्या स्मरणार्थ १९६४ पासून ५ एप्रिल हा आपल्याकडे राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. उत्सवाच्या भाषणांत कंपनीचे नाव निघते. त्या बोटीच्या अंगावर आधी चार वर्षे जखमींची शुश्रूषा झाली होती, ह्याची आठवण फारशी कोणास नसते.

तथापि ‘लॉयल्टी’ ही स्वयंसेवेची नौका म्हणता येणार नाही. लष्करी रुग्णनौकेवरचा वैद्य हुकमाने येतो, हुकमाने जातो, आणि त्याने बरा केलेला शिपाई बहुधा पुन्हा रणात पाठविला जातो. तेथे जबाबदारी कोणाची, हा प्रश्न उठत नाही, ती सरकारची. पगार नाही, हुकूम नाही, आणि रोगी तर आपल्या देशाचाही नाही, अशी सेवा समुद्रावर मोठ्या प्रमाणावर सुरू झाली ती शांततेच्या काळात.

तिचा आरंभ १९५८ सालचा. वॉशिंग्टनमधील हृदयरोगतज्ज्ञ डॉ. विल्यम वॉल्श दुसऱ्या महायुद्धात आरमारी वैद्य म्हणून पॅसिफिकमध्ये होते. तेथील बेटांवर उपायाच्या आवाक्यातले आजार केवळ उपाय करणारा नाही म्हणून माणसे मारतात, हे त्यांनी पाहिले होते. अध्यक्ष आयझेनहॉवर यांच्यापुढे त्यांनी एक कल्पना मांडली. आरमाराची एक रुग्णनौका विनाकाम पडून आहे. ती द्यावी, म्हणजे लोकांच्या देणग्यांवर व वैद्यांच्या स्वेच्छेवर ती चालविता येईल. ‘कन्सोलेशन’ नावाची ती बोट कोरियाच्या युद्धात जखमींची शुश्रूषा करून आली होती. सरकारने ती वर्षाला एक डॉलर भाड्याने दिली. नाममात्र का होईना, पण मोबदला हवा, ह्या आमच्या पेशाच्या आग्रहाचे इतके गोमटे उदाहरण दुसरे क्वचितच सापडेल. तिचे नाव ‘होप’ ठेवण्यात आले, आणि २२ सप्टेंबर १९६० रोजी ती सॅन फ्रान्सिस्कोहून इंडोनेशियाच्या दिशेने निघाली.

त्यानंतर १९७४ पर्यंत ह्या नौकेने अकरा सफरी केल्या. इंडोनेशिया व दक्षिण व्हिएतनाम, पेरू, एक्वादोर, गिनी, निकाराग्वा, कोलंबिया, सिलोन, ट्युनिशिया, जमैका, ब्राझील असा तिचा क्रम होता. १९६८–६९ मध्ये ती कोलंबोच्या बंदरात होती, म्हणजे आपल्या किनाऱ्यापासून फार दूर नव्हती. तिच्यावरची व्यवस्था लक्षात घेण्याजोगी आहे. परिचारिका व तंत्रज्ञ बहुधा सबंध सफरभर राहत व त्यांना बेताचे वेतन मिळे. बहुतेक डॉक्टर मात्र सुमारे दोन महिन्यांच्या पाळीने, एकही पैसा न घेता येत. आपला चालता दवाखाना सहकाऱ्यावर सोपवून येत आणि पाळी संपताच परत जात. बोटीवर एक यंत्र होते. समुद्राचे पाणी गोडे करून त्यात दुधाची भुकटी व स्निग्धांश मिसळून ते दूध तयार करी, आणि ते दूध मुलांना वाटले जाई. खलाशांनी त्याचे नाव ‘लोखंडी गाय’ ठेविले होते.

ह्या गायीचे कौतुक त्या काळच्या वृत्तपत्रांनी भरपूर केले. परंतु ‘होप’चे खरे वैशिष्ट्य दूध वाटण्यात नव्हते. बोटीवरच्या प्रत्येक वैद्याबरोबर व परिचारिकेबरोबर त्या देशातला एक जोडीदार काम करील, अशी तिची रीत होती. पेरूतील त्रुहियोचा सर्जन आणि अमेरिकेतून आलेला सर्जन एकाच टेबलाच्या दोन बाजूंस उभे राहत. रोगी दोघांचा असे, आणि नौका गेल्यावर तो एकाचाच उरणार हे दोघांनाही ठाऊक असे. दोन महिन्यांच्या पाळीत एक मनुष्य किती शस्त्रक्रिया करील? शंभर म्हणा, दीडशे म्हणा. तीच शस्त्रक्रिया त्याने एकाला नीट शिकविली, तर तो पुढची तीस वर्षे ती करीत राहील. हा हिशेब वॉल्श यांनी आरंभीच केला होता.

येथे कायदा काय म्हणतो ते सांगणे अवश्य आहे, कारण ह्या बाबतीत लोकांत एक गैरसमज रूढ आहे. ‘फुकट औषध देतो आहे, मग त्यास बोल कसा लावावा’ असे आपण सहज म्हणून जातो. १९२५ सालच्या बेटमन खटल्यात इंग्लंडच्या न्यायालयाने स्पष्ट सांगितले की, वैद्याने रोग्यास हाती घेतले, की काळजीचे कर्तव्य उत्पन्न होते; त्यासाठी करार लागत नाही आणि फीही लागत नाही. आपल्याकडे १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने शांता खटल्यात, जेथे सर्वांनाच विनामूल्य सेवा दिली जाते तो दवाखाना ग्राहक-संरक्षणाच्या कायद्याखाली येत नाही असे ठरविले, हे खरे. पण त्याचा अर्थ एवढाच की, तेवढा एक सोपा दरवाजा बंद झाला. हलगर्जीपणाची सामान्य जबाबदारी तेथेही कायम आहे. सारांश, दान म्हणून हाती घेतलेली सुरी ही विकत आणलेल्या सुरीइतकीच काळजीने चालवावी लागते.

आता रोग्याच्या बाजूने विचार करावा. कज्जा करण्यास कोर्टात जावे लागते, आणि कोर्टात जाण्यास प्रतिवादी सापडावा लागतो. ज्याचे टाके चार महिन्यांनी उसवले त्या मनुष्याने कोणाकडे जावे? धक्का रिकामा आहे, बोट दुसऱ्या महासागरात आहे, आणि सर्जन आपल्या गावी आपल्या नेहमीच्या रोग्यांत गुंतला आहे. कायद्याने दिलेला हक्क येथे कागदावरच राहतो. म्हणून जेथे कायद्याचा हात पोहोचत नाही, तेथे ती जबाबदारी जहाजाच्या व्यवस्थेतच गुंफलेली असली पाहिजे, असे आमचे मत आहे. ‘होप’वरील जोडीदाराची रीत ही शिक्षणाची युक्ती होती, तशीच ती जबाबदारी मागे ठेवून जाण्याचीही युक्ती होती.

दुसरी कथा मुंबईशी अधिक जवळची. लॉइड त्रिएस्तीनो ह्या इटालियन कंपनीची ‘व्हिक्टोरिया’ नावाची बोट १९५३ साली सेवेत आली व इटलीहून सुवेजमार्गे मुंबई आणि पुढे हाँगकाँगपर्यंत उतारूंची ने-आण करू लागली. त्या काळी उच्च शिक्षणासाठी बॅलार्ड पियरवरून युरोपास गेलेल्या पिढीस हे नाव परिचित असेल. गोव्यातील तारवट्यांच्या घराण्यांना तर ठाऊकच आहे की, बोटीचे आयुष्य एका नावात संपत नाही. मालक बदलतो, रंग बदलतो, आणि जुन्याच सांगाड्यावर नवे नाव चढते. ‘व्हिक्टोरिया’चे तसेच झाले. १९७८ साली डॉन स्टीव्हन्स व त्यांच्या पत्नी यांनी काढलेल्या ‘मर्सी शिप्स’ ह्या ख्रिस्ती सेवासंस्थेने भंगाराच्या किमतीस, म्हणजे सुमारे दहा लाख डॉलरांस, ती घेतली. ग्रीसमध्ये तिची डागडुजी होण्यास काही वर्षे लागली. नवे नाव ‘अनास्तासिस’. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ पुनरुत्थान. १९८२ पासून पंचवीस वर्षे तिने सेवा केली, आणि २००७ साली ती गुजरातेतील अलंगच्या किनाऱ्यावर मोडीत निघाली. ज्या समुद्रातून ती उतारू घेऊन मुंबईस येत असे, त्याच समुद्राच्या काठी तिचे पत्रे सुटे झाले.

‘अनास्तासिस’वरचा नियम ‘होप’च्याही पुढचा होता. तेथे वैद्य पगार घेत नसत, इतकेच नव्हे, तर राहण्या-जेवण्याचा खर्चही प्रत्येक जण आपल्या पदरचा देई. कप्तानापासून स्वयंपाक्यापर्यंत आणि सर्जनापासून फरशी पुसणाऱ्यापर्यंत सर्वांना हे लागू होते. नोकराने धन्यास पैसे देऊन नोकरी करावी, असा हा करार! २५ व्या कलमाच्या कर्त्यांना तो कोणत्या सदरात बसविता आला असता, कोण जाणे. वर रक्ताची गरज पडली तर तेही बोटीवरच्या मंडळींनीच द्यावयाचे. रक्तपेढी म्हणून वेगळी खोली भरलेली नसे. कोणाचा गट कोणता ह्याची यादी असे, आणि पुकारा होताच एखादा यंत्रकार इंजिनाच्या तळघरातून वर येऊन हात पुढे करी.

ह्या बोटीचे मुख्य कार्य आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर झाले. तेथे जबड्याच्या गाठी, गलगंड, दुभंगलेले ओठ, भाजून आखडलेले हात, मोतीबिंदू ह्यांवर उपचार होत. जबड्याची गाठ पुष्कळदा कर्करोगाची नसते. सर्जन जवळ असेल तर ती सुपारीएवढी असतानाच निघते. सर्जनच नसेल तर ती वर्षानुवर्षे वाढते, चेहरा झाकते, गिळणे बंद करते, आणि शेवटी श्वास कोंडून मनुष्याला मारते. तत्पूर्वीच शेजाऱ्यांनी त्याला शापित म्हणून दूर केलेले असते. डॉ. गॅरी पार्कर हे मुख-जबड्याचे शस्त्रवैद्य १९८०च्या दशकात काही महिन्यांसाठी म्हणून ह्या बोटीवर आले आणि तीन दशकांहून अधिक काळ ह्याच सेवेत राहिले. त्यांचा विवाह ह्याच सेवेत जुळला व मुलेही जहाजावर वाढली. त्यांच्या राहण्याचे कारण अंशतः ह्या शस्त्रक्रियेच्या स्वरूपातच आहे, असे आम्हांस वाटते. मोठी गाठ काढल्यावर जबड्याच्या जागी धातूची पट्टी बसवितात, आणि काही महिन्यांनी कमरेचे हाड घेऊन तेथे रोपण करतात. पहिली शस्त्रक्रिया करून निघून जाणाऱ्यास अर्धाच जबडा देता येतो.

म्हणूनच अशा नौकेचे वेळापत्रक हे तिच्या नीतीचे माप असते. जहाज एका बंदरात सुमारे दहा महिने राहणार असेल, तर हाडांच्या शस्त्रक्रिया आरंभीच्या महिन्यांत घ्याव्या लागतात, कारण पुढे पाय वळविण्यास, चालावयास शिकविण्यास अवधी लागतो. अखेरच्या आठवड्यांत ज्यांच्या जखमा लवकर भरतात तेवढेच रोगी घ्यावयाचे. त्यामुळे शेवटी आलेल्या एखाद्या मातेस ‘तुमच्या मुलाचे पाय आता हाती घेता येत नाहीत’ असे सांगण्याचा प्रसंग येतो. सर्जन आहे, टेबल आहे, मूल दारात आहे, आणि तरी नाही म्हणावयाचे. हे नकार फार कठीण, परंतु ते न देणारी दया पुढे कोणाच्या तरी पायात मोडते.

ह्या सेवेवर आक्षेपही आहेत. जहाजाच्या इंधनाचा पैसा जमिनीवर घातला तर पक्के इस्पितळ उभे राहील, हा पहिला. त्यास उत्तर असे की, जेथे वीज क्षणोक्षणी जाते, नळाचे पाणी स्वच्छ नाही, आणि क्ष-किरणांचे यंत्र बिघडले तर दुरुस्त करणारा नाही, तेथे जहाज आपली वीज, आपले पाणी, आपली प्रयोगशाळा बरोबर घेऊन जाते. पहिल्या दिवसापासून काम सुरू होते. दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. जहाज हे दाटीचे, बंदिस्त घर. साथीच्या रोगापुढे ते असहाय ठरते. २०१४ साली पश्चिम आफ्रिकेत इबोलाचा कहर झाला, तेव्हा ह्याच संस्थेच्या ‘आफ्रिका मर्सी’ ह्या नौकेस त्या किनाऱ्याऐवजी मादागास्करकडे जावे लागले. तो निर्णय शहाणपणाचा होता. पण ज्यांना जाता येत नव्हते ते तेथील परिचारिका व डॉक्टर मागे राहिले, आणि त्यांतील कित्येक रोग्यांची सेवा करता करता मेले. संकट आले की निघून जाणे ज्यास शक्य असते तो पाहुणा, हे पाहुण्याने विसरू नये.

आपल्या मातीतील एक नाव येथे आठवल्यावाचून राहत नाही. १९३८ साली पाच हिंदी वैद्यांचे पथक मुंबईहून बोटीने चीनला गेले; त्यांत नागपूरचे डॉ. चोळकर होते आणि सोलापूरचे तरुण डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते. बाकीचे यथावकाश परतले. कोटणीस राहिले. त्यांनी चिनी भाषा आत्मसात केली, त्या भाषेत विद्यार्थ्यांस शिकविले, बेथ्यून इस्पितळाचे प्रमुखपद सांभाळले, आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी तेथेच देह ठेविला. प्रत्येक स्वयंसेवकाने कोटणीस व्हावे, अशी अपेक्षा करणे अन्यायाचे होईल. संसार सोडून दोन महिने देणाराही थोडे देत नाही. पण कोटणीसांकडून घेण्यासारखी एक गोष्ट दोन महिन्यांतही घेता येते. ज्यांच्यात काम करावयाचे त्यांची भाषा बोलण्याचा आणि आपली विद्या त्यांच्या हातांत ठेवण्याचा प्रयत्न करावा, हीच ती.

‘होप’च्या संस्थेने १९७४ साली बोट निवृत्त केली. संस्था मात्र बुडाली नाही; शिकविण्यासाठी जहाज लागत नाही असे पाहून ती जमिनीवर आली आणि तेथे काम करीत राहिली. आपल्या देशाने तीच कल्पना रुळांवर आणली. १९९१ साली इम्पॅक्ट इंडिया ह्या संस्थेने रेल्वेच्या साहाय्याने ‘जीवनरेखा’ ही इस्पितळाची आगगाडी सुरू केली. शहरांतील शस्त्रवैद्य काही दिवस देऊन तिच्यावर विनामूल्य काम करतात. तेथे वैद्य आणि रोगी एकाच देशाचे असतात, एका कायद्याखाली असतात. बांगलादेशात तर फ्रान्सहून आणलेल्या एका नदीतल्या बार्जेचे इस्पितळ झाले. २००२ साली रुना खान यांनी स्थापिलेल्या ‘फ्रेंडशिप’ संस्थेने ते ब्रह्मपुत्रेच्या वाळवंटी बेटांतील लोकांसाठी चालविले. परदेशचे सर्जन तेथेही येतात, काम करतात व जातात. जहाज मात्र तेथेच राहते, आणि टाके उसवलेला मनुष्य कोठे जावे हे जाणतो.

मर्सी शिप्सने २०२१ साली ‘ग्लोबल मर्सी’ ही खास ह्याच कामासाठी बांधलेली पहिली नौका ताब्यात घेतली. सहा शस्त्रक्रियागृहे व सुमारे दोनशे खाटा तिच्यावर आहेत. २०२२ साली डाकार येथे ती गेली ती प्रथम प्रशिक्षणासाठी, रोगी घेण्यापूर्वी, हे आम्हांस शुभचिन्ह वाटते.

आमच्या वाचकांच्या घरांतून डॉक्टर आहेत, परिचारिका आहेत, आणि गोव्याच्या व कारवारच्या किनाऱ्यावर दर्यावर्दीही आहेत. त्यांपैकी कोणी अशा नौकेवर जाण्याचे मनात आणील तर आम्ही त्यास जरूर जा म्हणू. मात्र नाव नोंदविण्यापूर्वी त्याने तीन गोष्टी विचारून घ्याव्या. टेबलाच्या पलीकडे माझ्यासमोर तेथला कोण उभा राहणार आहे? मी गेल्यावर माझ्या रोग्याचे कागद कोणाच्या हाती राहतील? आणि सहा महिन्यांनी त्यास ताप आला तर तो कोणाचे दार ठोठावील? ज्या जहाजाकडे ह्या तिन्ही प्रश्नांची उत्तरे आहेत, त्यावर कितीही थोडे दिवस गेले तरी ते सार्थकी लागतील.